मी हर्षालीला गोरी केली नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे, शाईचे बारीक थेंब उडवून छापणारा. सध्या माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात, त्यामुळे तुम्ही मला ओळखलं नसेल. माझा जन्म कुठं झाला ते खोक्यावर लिहिलं होतं, पण त्या खोक्यात आता दिवाळीच्या पणत्या आहेत. माझं खरं आयुष्य सुरू झालं नाशिकला, शरणपूर रोडवरच्या एका दुकानात, २००३ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी सरिताबाई आणि त्यांचे यजमान वाल्मीकराव दुकानात आले. वाल्मीकराव मनमाडला रेल्वेत होते. सरिताबाई घरच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे बायोडाटा टाइप करून द्यायच्या. टायपिंग आपलं आपणच शिकलेल्या. सोबत शेजारच्या लताबाईंची हर्षाली होती, तिचा फोटो असलेली फ्लॉपी घेऊन.

हर्षाली सावळी. मागच्या खेपेला स्टुडिओवाल्यानं तिला फोटोत इतकी उजळवली, की पाहुणे आले, पोहे खाल्ले आणि तिलाच विचारलं, फोटोतली मुलगी कुठंय? तेव्हापासून ती म्हणत होती, माझा खरा फोटो पाठवा, नाहीतर मला कुणासमोर बसवू नका. नांदगावचं एक चांगलं स्थळ आलं होतं.

वाल्मीकरावांना नुसत्या अक्षरांपुरता, स्वस्तातला प्रिंटर हवा होता. दुकानदाराला फोटोंचा, महागातला खपवायचा होता. सरिताबाई म्हणाल्या, एकाच साध्या कागदावर अक्षरं आणि चेहरा दोन्ही छापून दाखवा, मग बोलू.

पहिल्या प्रिंटरकडे काळी शाईच नव्हती. तो तीन रंग कालवून काळा करायचा, त्यामुळे हर्षालीचं सगळं शिक्षण शेवाळी झालं. दुसऱ्यानं चेहरा झकास काढला, पण पोरगी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी.

दुकानदार कौतुकानं म्हणाला, "बघा, कशी खुलली."

"खुलली नाही, धुतली," हर्षाली म्हणाली.

मग माझी पाळी आली. माझ्या पोटात काळ्या शाईची डबी वेगळी, रंगांची वेगळी. सरिताबाईंनी ओल्या बोटानं अक्षर घासून पाहिलं. जरासं फिसकटलं, पण टिकलं. मग दुकानाच्या दारात, उन्हात त्यांनी कागद हर्षालीच्या गालाशी धरला आणि म्हणाल्या, "ही आपली."

वाल्मीकराव म्हणाले, घोडा घेतलात, आता चाऱ्याचं बघा. आणि अडला, तर दुकानात परत.

दसऱ्याला मला शिलाई मशीन आणि विळीच्या शेजारी पाटावर बसवलं. सासूबाई कुसाबाईंनी हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मूठभर अक्षता वाहिल्या, नेमक्या कागद घालायच्या उघड्या फटीत. पूजा कुणाला नको असते? मी फुगून बसलो.

दुपारी वाल्मीकराव ड्युटीला निघणार होते. हर्षालीचा बायोडाटा तेच पुढे नांदगावला पोचवणार होते. सरिताबाईंनी कागद लावला. मी घरघरलो, कागदाच्या चुण्या केल्या आणि थांबलो. दुसरा कागद, तिसरा, तीच गत. वाल्मीकरावांनी घड्याळ पाहिलं आणि माझं खोकं शोधायला लागले.

हर्षाली हळूच म्हणाली, "राहू द्या काका. स्टुडिओतलाच न्या."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कुसाबाई पुढे झाल्या. "तांदूळ म्या टाकले, म्याच काढते. सरिता, ह्याच्या पोटातली शाई काढ आधी."

शाईच्या डब्या निघाल्या. कुसाबाईंनी मला उचललं, उताणा केला आणि सुपात धान्य पाखडावं तसं दोनदा हलकेच झटकलं. टपटप अक्षता गळाल्या. डब्या परत बसल्या, आणि मी श्रीगणेशापासून मामाच्या नावापर्यंत बायोडाटा एका दमात छापला. वर हर्षाली, आहे तशी.

आठ दिवसांनी पाहुणे आले. लताबाईंची खोली लहान, म्हणून सगळे आमच्याकडेच बसले. मुलाची आई भिमाबाई. त्यांनी पिशवीतून माझा कागद काढला, एकदा त्याच्याकडे, एकदा हर्षालीकडे पाहिलं.

"हीच की ती," त्या म्हणाल्या. "मागं एक पाह्यली, ती फोटोत येगळीच हुती."

लताबाईंनी लगेच पोह्यांच्या बश्या पुढे केल्या. मग हर्षालीनं मुलाचा, म्हणजे धनराजचा, फोटो पुढे केला आणि शांतपणे विचारलं, "हे कोण?"

धनराज कानापर्यंत लाजला. "मीच. स्टुडिओत पावडर जरा जास्त झाली."

सगळ्यांत मोठ्यानं भिमाबाई हसल्या. जाताना धनराज सरिताबाईंना म्हणाला, माझाही एक खरा काढून द्या. लग्न ठरलं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

पुढे पुष्कळ वर्षं मी घरोघरच्या मुलामुलींचे चेहरे छापले. "जरा उजळ करून द्या" म्हणणाऱ्यांना सरिताबाई सांगायच्या, आमच्या यंत्रात ती सोय नाही. सोय होती. मी गप्प बसायचो.

मग चौकात झटपट छापून देणारी दुकानं झाली आणि मी मागं पडलो. न वापरल्यानं शाई आतच वाळली. तक्रार नाही, पण तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर आठवड्यातून एक रंगीत पान तरी छापत जा. आणि छापताना कुणाच्या चेहऱ्याचा रंग चुकला, तर दुरुस्त आम्हाला करा, त्या माणसाला नको.