छातीतली स्प्रिंग

"निघाली! निघाली!" चौकात एकच गलका झाला. भगत झबकबापूंनी एका म्हाताऱ्याच्या छातीवर बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी टेकवली, तिला तोंड लावून जोरात चोखलं आणि थाळीत थुंकले. टण्! एवढीशी तारेची स्प्रिंग.

"डॉक्टर लोखंड घालतो, बापू लोखंड काढतो!" बापू गरजले. "लोखंड गेलं, मग गोळ्या कशाला? घ्या माताजीची आखडी!"

गर्दीत जमकुबेनने शेजारी उभ्या नवऱ्याचा हात धरला. आठ दिवसांपूर्वी बापूंनी त्याच्या, गोरधनभाईंच्या, छातीतूनही अशीच स्प्रिंग काढली होती आणि त्यांनी हीच आखडी घेतली होती. आखडी म्हणजे नवसच; मागणं फळेपर्यंत गावात कोणी गूळ सोडतं, कोणी तूप सोडतं. यांनी गोळ्या सोडल्या! आणि आखडी मोडायची म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. हृदयाच्या नसेत दोन स्टेंट बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. "वर्षभर गोळ्यांचा एक दिवस चुकवायचा नाही," भावनगरच्या निरालीबेन डॉक्टरांनी बजावलं होतं. आज सकाळी जमकुबेनने चोरून फोन केला, तर त्या ओरडल्याच. "बेन, आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना!"

"अगं, हिरड्यांतून रक्त यायचं ते थांबलं," ती निघायची घाई करताच गोरधनभाई म्हणाले. "आणखी काय पुरावा हवा?"

जमकुबेनने त्यांच्या खिशातून जपून ठेवलेली स्प्रिंग काढली, त्यांचंच हिरे बघायचं भिंग काढलं आणि दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. "तीस वर्षं हिरे घासलेत ना? बघा तरी एकदा!"

गोरधनभाईंनी बघितलं. वेटोळ्यांत निळी शाई सुकली होती.

"जमकु... ही तर बॉलपेनातली गं. तो बापू गालात धरून बसतो मेला!"

एवढं बोलले आणि घामाने डबडबले. डावा हात धरून खालीच बसले, अंग थरथरायला लागलं.

"माताजी अंगात आल्या!" कोणीतरी ओरडलं. बायका हात जोडून पुढे झाल्या, एकीने त्यांच्या कपाळाला कुंकूही फासलं.

"कोणी हात लावू नका!" बापूंनी वरून फर्मावलं.

"अंगात कसली येतेय!" जमकुबेन किंचाळली. "हार्ट अटॅक आलाय! रिक्षा आणा रे, पाया पडते तुमच्या!"

भावनगरच्या इस्पितळात दोन तास ती दाराबाहेर बसून होती. मग निरालीबेन बाहेर आल्या. "थोडक्यात वाचले. गुठळी काढलीय."

त्यांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. "हे बघा, दोन्ही स्टेंट जिथल्या तिथे आहेत. ही स्प्रिंग नसते बेन, जाळी असते, नसेच्या भिंतीला घट्ट बसलेली. चोखून कशी निघेल? त्या धातूवर रक्त गोठायला बघतं, गोळ्या त्याला गोठू देत नाहीत. म्हणून तर हिरड्यांतून थोडं रक्त यायचं. तेव्हा मला विचारायचं होतं. रक्त थांबलं ते गोळ्यांचा असर उतरला म्हणून. तुम्ही त्याला चमत्कार म्हणालात."

संध्याकाळी शेजारणी नारळ घेऊन आल्या. "माताजीनेच वाचवलं हो!"

जमकुबेनला रडू फुटलं, आणि रागही आला. "माताजीने कधी मागितल्या होत्या गोळ्या? त्या लबाडाने मागितल्या! बायांनो, देवासाठी गूळ सोडा, तूप सोडा, हवं तर चहा सोडा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय हृदयाची गोळी सोडू नका. माझा माणूस कुंकू लावून मरत होता आणि तुम्ही हात जोडून उभ्या होतात!"