ओल्या रंगावरचं कुंकू

बोलतेय ती मीच, ताडपत्रीखालची. या, आत या. आलेल्या माणसाशी चार शब्द गोड बोलायची मला सवय लागलीय, कारण सहा महिने मी विक्रीला उभी आहे. गिऱ्हाईक कसं ओळखायचं हे कुणी शिकवलं नाही, उभ्या उभ्या शिकले. टायरला लाथ मारून बघतो तो घेत नाही. आल्या आल्या सीटवर बसून फोटो काढतो तो तर मुळीच घेत नाही. जो काही न बोलता खाली वाकतो आणि बुडाचा पत्रा बघतो, त्याच्यासाठी चहा टाकावा.

माझं वय सहा महिने, दिसते मात्र नव्वदीची. पूर्वी अमेरिकेतली तरुण मंडळी म्हणे जुनी गाडी घ्यायची, तिचं टप उतरवायची, बोनेट काढून टाकायची, आत दांडगं इंजिन बसवायची आणि पळवायची. हॉट रॉड म्हणतात तिला. मी तिची नक्कल. नवी कोरी, पण जुनी दिसावी म्हणूनच घडवलेली. त्यामुळे रोज कुणीतरी विचारतं, "किती सालची?" रोज तेच उत्तर ऐकून मी कंटाळलेय.

मला घडवलं दशरथ म्हात्र्यांनी. भाईंदरला मुर्धे गावच्या वाटेवर त्यांची ही पत्र्याची शेड. वाडवडिलांची मिठागरं आणि भातशेती होती, यांच्या हातात डेंटिंगचा हातोडा आला. गावात सगळे दशरथशेठ म्हणतात, मीही म्हणते. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. मग एकदा मुलीच्या मोबाईलवर माझ्यासारखीचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "आता एक तरी गाडी अशी करायची, जिला कुणी ठोकलेली न्हाय." जुन्या जीपची चासी आणली, भंगारातून इंजिन आणलं, पत्रा हाताने ठोकून वळवला. तीन वर्षं गेली.

ती तीन वर्षं त्यांची बायको पुष्पलताबाई शेडमध्ये आल्या नाहीत. दारात उभ्या राहून हाक मारायच्या, "जेवायला येताय की सवतीलाच घास भरवताय?" दशरथशेठ हसायचे. मी ऐकून घ्यायचे. सवतीने उत्तर द्यायचं नसतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मला रंग लागला. सायीसारखा पांढरा. पेंटर जाताना बजावून गेला, "शेठ, महिनाभर हात लावू नका. वरून सुकलाय, आतून कच्चा आहे. तेल तर अजिबात नको."

दसऱ्याच्या सकाळी पुष्पलताबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. सरळ आत आल्या. नवी साडी, केसात शेवंती. म्हणाल्या, "आज गाडी पुजल्याबिगर ठेवतात का? कितीबी झालं तरी घरची हाय." पाण्यात कालवलेलं कुंकू दुपारपर्यंत सुकून उडतं, म्हणून त्यांनी तेलात कालवून आणलं होतं. काचेखालच्या पत्र्यावर, म्हणजे माझ्या कपाळावर, त्यांनी करंगळीशेजारच्या बोटाने सावकाश स्वस्तिक काढलं. दशरथशेठांचा हात अर्ध्यावर उठलेला मी बघितला. मग तो हात त्यांनी खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी दशरथशेठ पुसायला गेले तर कुंकू रंगात उतरलेलं. पॉलिश झालं, पेट्रोलचा बोळा झाला, जात नाही ते नाहीच. पेंटर म्हणाला, सगळा रंग खरवडून परत मारावा लागेल. दशरथशेठ म्हणाले, बघू. ते बघू अजून चाललंय.

मुलीने जाहिरात टाकली आणि माणसं येऊ लागली. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतले जितेंद्रभाई तर पाऊण तास माझ्याभोवती फिरले. मग त्यांची नजर कपाळावर गेली.

"दशरथभाई, माल एक नंबर. पण पूजा हो गई है ना?"

"ती तं दसऱ्याची."

"तेच. पूजा झाली म्हणजे गाडी कुणाची तरी झाली. मग नवीन कशी? नव्या गाडीवर पहिलं स्वस्तिक मी काढणार, नाही तर काय मजा?"

नंतरच्यांनीही फिरवून फिरवून तेच सांगितलं. घरात पुष्पलताबाई विचारायच्या, "काय बोलला?" आणि दशरथशेठ शांतपणे म्हणायचे, "उंच हाय गं तो. गुडघं बसत न्हाय." पुढच्याला डाव्या हाताचं स्टिअरिंग हवं होतं. त्याच्या पुढच्याला आवाज फार वाटला. माझ्या अंगाला त्यांनी इतक्या खोट्या खोडी चिकटवल्या की मलाच मी थोडी अडचणीची वाटायला लागले. त्या बोटाचं नाव मात्र एकदाही निघालं नाही.

मग भावकीने ही जागा बिल्डरला दिली. महिनाअखेर शेड रिकामी करायची. दशरथशेठ राहतात त्या भाड्याच्या घराखाली मला जागा नाही, आणि हाताने घडवलेल्या गाडीला नंबर मिळत नाही, तेव्हा रस्त्यावरही ठेवता येत नाही. भंगारवाला येऊन माप घेऊन गेला. इंजिन वेगळं, टायर वेगळे, पत्रा कापून. दशरथशेठ त्या दिवशी जेवले नाहीत.

मागच्या रविवारी जितेंद्रभाई परत आले. पुष्पलताबाई चहा घेऊन आल्या होत्या, तेव्हाच ते बोलून गेले, "अरे, अजून डाग गेला नाही? भाभी, या पूजेनेच सगळा घोळ केला बघा."

ते गेल्यावर पुष्पलताबाई माझ्या कपाळाजवळ आल्या.

"रंग ओला व्हता?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"व्हय."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आनि बघत रायलात?"

"तीन वर्सांनी पयल्यांदा ताट घेऊन आत आलीस," दशरथशेठ म्हणाले. "थांब कसं म्हनू?"

पुष्पलताबाईंनी कप गोळा केले. दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "गुडघ्याचं बरं जमवलं व्हतं," म्हणाल्या, आणि डोळे पुसत गेल्या.

परवा अंबिकाबाई आल्या. हायवेला काशीमिऱ्याजवळ त्यांचं हॉटेल आहे. आल्या तशा खाली वाकल्या आणि बुडाचा पत्रा बघू लागल्या. पुष्पलताबाईंनी आधी चहा टाकला, आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. "ताई, आधीच सांगते. हिला नंबर न्हाय, रस्त्यावर चालवायची न्हाय. आनि कपाळावरचं मी काढलंय, ओल्या रंगावर. जात न्हाय."

"मला कुठे चालवायचीय, दारात उभी करायचीय," अंबिकाबाई म्हणाल्या. "पण आमच्या हॉटेलचा रंग लाल. मी पूर्ण लाल मारून घेणार, चालेल ना?"

दशरथशेठांचा हात पुन्हा अर्ध्यावर उठला. ते बायकोकडे बघत राहिले.

पुष्पलताबाईंनी माझ्या कपाळावरून एकदा बोट फिरवलं. "मारा," म्हणाल्या. "कापण्यापरीस बरं. खाली असंल ते असंल."

व्यवहार झाला. निघताना दशरथशेठ अंबिकाबाईंच्या मागे दोन पावलं गेले. "रंग मारल्यावर महिनाभर कुणाला हात लावू देऊ नका." जरा थांबून म्हणाले, "पूजाबी न्हाय."

पुष्पलताबाई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. अंबिकाबाईंना काही कळलं नाही.

उद्या सकाळी टेम्पो येतोय. मी अख्खी जातेय, एवढं पुरे. आजवर शेडपासून समोरच्या चिंचेपर्यंत, एवढीच धावलेय मी. पुढेही उभंच राहायचंय, आणि उभं राहून मी आत्ताच दमलेय. तुमचं तिकडे येणं झालं, तर मी दारातच दिसेन, लालभडक. मुलांना सीटवर बसवा, फोटो काढा. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करा म्हणावं, एवढं अंबिकाबाईंच्या कानावर घाला. कुणी विचारलं किती सालची, तर खुशाल नव्वद वर्षांची सांगा, मी आता वाद घालत नाही. फक्त काचेखालच्या पत्र्यावर रेलू नका. तिथे लाल रंगाखाली एका बाईचं बोट सावकाश फिरलेलं आहे.