बक्षिसाची जागा

आबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष मानसीच्या बोटांकडे. माझ्या भावाची मुलगी, बावीस वर्षांची, डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली, आणि कुलाब्याच्या त्या गारेगार हॉलमध्ये भल्यामोठ्या काळ्या पियानोसमोर बसलेली. वाजवत होती तेही स्वतः रचलेलं. स्पर्धेत पहिला नंबर आला तर परदेशात शिकायला मिळणार होतं. नियम एवढाच, की एकदा सुरू केलं की मध्ये खंड पडता कामा नये.

निघताना मी सगळ्यांना दम भरला होता. मोबाईल बंद, खोकला आला तर रुमाल, आणि मानसी उठून वाकेपर्यंत टाळी नाही. आबांना दोनदा सांगितलं, त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. माणसं मान हलवतात आणि करायचं तेच करतात, हे ब्लाउज शिवताना मी गिऱ्हाइकांकडून रोज शिकते. तरी फसले.

आबा म्हणजे माझे वडील, बुधाजी. गिरणीची पाळी संपली की गायन पार्टीत पेटी वाजवायचे. मानसीला पहिले सूर त्यांच्या मांडीवर मिळाले, पियानो पुढे शाळेतल्या बाईंनी शिकवला. भीमजयंतीच्या कार्यक्रमात कडवं रंगलं की आबा पेटीवर एकच सूर धरून थांबायचे. मग गर्दीतून कुणीतरी उठून बक्षिसाची नोट द्यायचा, माईकवरून त्याचं नाव पुकारलं जायचं, आणि तेच कडवं पुन्हा.

इकडे पियानो चढत चढत गेला आणि अचानक एकच सूर उरला. मानसीनं तो धरून ठेवला.

आबा उठले. मी सदरा धरला, तो हातातून सुटला. काठी टेकत ते थेट स्टेजच्या पायऱ्या चढले. परीक्षकांनी माना वर केल्या. आबांनी पन्नासची नोट पियानोवर ठेवली आणि ताठ उभे राहिले, नाव पुकारायची वाट बघत.

मानसीला खाली मान घालून पुढे रेटता आलं असतं. कदाचित खपूनही गेलं असतं. पण तिनं हात उचलले, नोट कपाळाला लावली आणि शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयुष्मान बुधाजी, डिलाईल रोड, यांच्याकडून पन्नास रुपये. जय भीम."

आणि तेच कडवं पुन्हा वाजवलं.

नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी आला. टॅक्सीत मी आबांना झोडपायला तोंड उघडलं, तर मानसीनं माझा हात दाबला. आबा मात्र भलतेच खुशीत.

"पोरीनं बक्षिसाला जागा सोडली, आन् एक माणूस उठला नाय. मंग मलाच उठावं लागलं."

"बरं झालं आबा," मानसी म्हणाली. "नाहीतर मी तिथंच अडकले असते."

घरी आल्यावर मी चिडून विचारलं, वाजवायचं थांबलीस का, तेव्हा तिनं मोरीत तोंड धुता धुता सांगितलं, की ती जागा तिनं आबांची पेटी आठवूनच लिहिली होती. मग रडली. मीही रडले. आबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरगी जिंकली आणि परदेशाचं बोलावणं टपालात कुठंतरी अडकलंय. आम्हीही तो समज तसाच राहू दिला.

परवा दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये तिनं तेच वाजवलं. पन्नास-साठ माणसं असतील. आबांना जाऊन आठ महिने झालेत. घरून निघतानाच मी ठरवून पन्नासची नोट मुठीत धरली होती.

तो एक सूर आला. मानसी थांबली. मी उठायला गेले, आणि नोट मुठीत तशीच धरून परत बसले. ते उठणं आबांचं होतं. सूर हळूहळू विरला, हॉलमध्ये नुसत्या पंख्यांचा आवाज राहिला.

मानसीनं स्टेजच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघून मान किंचित वाकवली, आणि तेच कडवं पुन्हा वाजवायला घेतलं.