दहाव्या दिवसाची काकडी

नवी नळी यंत्रात बसवून केमिस्टबाईंनी फवारणीनंतरच्या दहाव्या दिवसाच्या काकडीचा अर्क आत सोडला आणि पडद्यासमोर स्टूल ओढलं. नमुना जुनाच होता. गेल्या आठवड्यात त्यांनीच तो पास केला होता. फवारलेल्या औषधापैकी निम्मंच उरलं होतं, मर्यादेच्या आत. पण त्या औषधाचे रेणू दोन तऱ्हांचे, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखे. जुन्या नळीला दोन्ही एकच वाटायचे. ही नवी नळी त्यांना वेगळं काढणार होती.

पडद्यावरच्या आलेखात एका तऱ्हेचं शिखर उगवलं. बाई दुसऱ्याची वाट बघत बसल्या. ते आलंच नाही.

"नळी बिघडली की काय?" मागून साहेबांनी विचारलं.

"नळी ठणठणीत आहे, साहेब. आधी पहिल्या दिवसाची काकडी लावून पाहिली, तिच्यात दोन्ही दिसले. आता उजवा विरलाय, पण तो बिचारा निरुपद्रवीच. डावा मात्र जसाच्या तसा. मातीत दोघं बरोबरीनं विरतात असं पुस्तकात वाचलेलं, म्हणून भाजीतही विरतील असं धरून चाललो आपण."

"आणि विष?"

"सगळं डाव्यातच."

साहेब पडद्याजवळ वाकले. "म्हणजे आपण निम्मं म्हणत होतो ते..."

"विष जेवढं फवारलं, तेवढं शिल्लक."

बोलता बोलता बाईंना लेक आठवली. प्रयोगशाळेत रीतच होती, नमुना पास झाला की उरलेली भाजी तपासणाऱ्यानं घरी न्यायची. 'बाजारातल्या भाजीचा काय भरवसा!' म्हणत त्यांनी पिशवीभर काकड्या सात महिन्यांच्या गरोदर लेकीकडे पोचवल्या होत्या. केवढ्या मिरवल्या होत्या तेव्हा!

त्या व्हरांड्यात आल्या. त्यांनी लेकीला फोन लावला.

"काकडी राहिलीय का गं?"

"कुठली राहतेय! सालासकट खा म्हणून शपथ घातलीस ना? काल शेवटची संपवली. का गं?"

"काही नाही, सहज." "बाळ काय म्हणतंय?"

"तुझ्यावरच गेलंय. सकाळी सातच्या ठोक्याला लाथा सुरू, घड्याळ लावायला नको."

"आज मारल्या?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"आज..." लेक म्हणाली. "थांब हं आई, जरा आडवी होऊन बघते."

बाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. आतून साहेब हाका मारत होते. त्या जागच्या हलल्या नाहीत.