खात्री केली आहे

विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू करणाऱ्या डब्यातला प्रोग्राम आपली नात लिहिते, हे रिसोडच्या बाजारात चारचौघांना ऐकवल्याशिवाय मारोतरावांना चहा गोड लागत नसे, आणि ज्याला पटत नसे त्याला ते तोंडावर गाढव म्हणत. दिवाळीपासून निकिता पुण्याची खोली सोडून घरूनच काम करू लागली, तेव्हा तर म्हातारा खुर्ची ओढून तिच्या शेजारीच ठाण मांडून बसू लागला.

त्यांना कळत काही नव्हतं, पण एक गोष्ट तिनं समजावून सांगितली होती. डब्याच्या मेमरीत नुसते पत्ते असतात, म्हणजे आकडेच. त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून ती सांगते, इथं मोटरचं बटण आहे असं समज. याला कास्ट म्हणायचं. मग कोड तपासणारं सॉफ्टवेअर पिवळी वॉर्निंग दाखवून कुरकुरतं, की तिथं बटणच आहे कशावरून? ती शेजारी लिहिते, 'खात्री केली आहे', आणि वॉर्निंग गप्प होते.

"केली का पन खात्री?" म्हाताऱ्यानं विचारलं.

ती नुसती हसली. आपलं माणूस एक ओळ लिहितं आणि मशीन मुकाट बसतं, हे मारोतरावांना फार आवडलं.

एका रविवारी गोजराबाईंनी नातीच्या डोक्याला तेल घातलं आणि वाटी तशीच टाकून त्या अंगणात नवऱ्याजवळ आल्या.

"निकिताच्या डोक्यात दोन भोवरे होते. न्हाऊ मीच घालत होती तिले. हिले एकच हाये."

तुझे डोळे गेले, म्हणून म्हातारा खेकसला. तुम्हीच जाऊन पाहा, असं त्या म्हणाल्या. ते गेले नाहीत. पण बाई काही थांबेना. रोज तेच पुटपुटायची, आणि पोरीला पाहुण्यासारखं विचारून विचारून वाढायची. ही गोष्ट बाजारात गेली तर आपण तोंड कुठं दाखवायचं, हे मारोतरावांना खात होतं. आणि ही आपली नसेल तर आपली पोरगी कुठं आहे, हा दुसरा विचार ते येऊच देत नव्हते.

शेवटी जेवायच्या वेळी त्यांनी दोघींना समोर बसवलं.

"ही निकिता हाये. माह्यी नात हाये, मी सांगतो. पुन्हा या घरात हे निंगालं नाही पाह्यजे."

गोजराबाई गप्प झाल्या. मग हसल्या, आणि आपण कधी काही बोललोच नव्हतो अशा मायेनं त्यांनी पोरीच्या ताटात न विचारता तूप वाढलं.

पोरगी उठून मारोतरावांच्या पाया पडली. तिचं डोकं पुढ्यात वाकलं तेव्हा त्यांनी नजर भिंतीवरच ठेवली.

"बरं झालं आबाजी, तुमी सांगतलं," ती हळूच म्हणाली. "आता मले वापस जा लागनार नाही."

अभिमानानं म्हाताऱ्याची छाती भरून आली, आणि बराच वेळ ती तशीच भरलेली राहिली. श्वास सोडायची त्यांची हिंमत होईना.