दुखणं थांबलं तो दिवस

लेक कस्तुरी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून निंगव्वा एकदाही रडली नव्हती. ब्याडगीच्या मिरची बाजारात ती पूर्वीसारखीच देठं खुडायला जायची. शेजारच्या बाया बोलायच्या, हसायच्या. हिचे हात तेवढे चालायचे. "दगड झालीय बाई," असं कुणी मागून म्हटलं तर ते तिला ऐकू यायचं, पण लागायचं नाही.

गळ्यावरची गाठ चौदा वर्षांची. लिंबाएवढी होती, ती पेरूएवढी झाली. या उन्हाळ्यात मात्र आडवं पडलं की श्वासाला शिट्टी वाजू लागली, भाकरीचा घास अडकू लागला. निंगव्वाला त्याचंही काही वाटलं नाही. नणंद सावंत्रव्वाच कंबर कसून उभी राहिली.

"वैनी, तुला मरायचं तर मर, पण माझ्या भावाला एकट्याला भाकऱ्या बडवायला लावू नको. उद्या हुबळीला जायचं म्हणजे जायचं."

नवरा चन्नवीरनं पिशवी भरली.

इस्पितळ तेच, जिना तोच, आणि सर्जनही त्याच, अंगडी डॉक्टरबाई. कस्तुरीचं पोट त्यांनीच उघडलं होतं. पंधरा वर्षांची पोर. पोट दुखतं म्हणाली तेव्हा निंगव्वानं विटेनं शेकलं, एरंडेल पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकाएकी थांबलं. चन्नवीर म्हणाला होता, "तरी दाखवून येऊ, साडेआठची गाडी आहे." निंगव्वाच म्हणाली, "बरी झालीय, भात मागतेय. उगाच कशाला सुरीखाली घालायची?" आत अपेंडिक्स फुटलं होतं म्हणून दुखणं थांबलं होतं. ते कळलं दोन दिवसांनी, पोट नगाऱ्यासारखं फुगल्यावर. डॉक्टरबाईंनी पू धुऊन काढला, पण ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पोर गेली.

डॉक्टरबाईंनी केसपेपरवरचं नाव वाचलं, निंगव्वाकडे पाहिलं, आणि पुन्हा नाव वाचलं. मग मागे उभं राहून गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला. रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून नमुना घेतला. फोटोत श्वासाची नळी एका बाजूला ढकललेली दिसली.

"गाठ वाईट नाही, पण नळी दाबतेय. काढायलाच हवी, अव्वा. मागून आवाजाची नस जाते, ती मी सांभाळीन. तरी शंभरात एखाद्याचा आवाज बसतो. आणि थायरॉइडची गोळी जन्मभर, रोज सकाळी उपाशीपोटी."

"बरं," निंगव्वा म्हणाली. बाजाराला मिरची किती आली असं कुणी सांगावं आणि ऐकून घ्यावं, तसं.

संमतीच्या कागदावर अंगठा दिला. पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला पट्टी होती, बाजूनं एक नळी निघाली होती. त्या दिवशी ती खुणांनीच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई पलंगाशी आल्या. "आवाज बघू. काहीतरी बोला अव्वा. नाव सांगा, गाव सांगा, काहीही."

निंगव्वा छताकडे बघत म्हणाली, "दुखायचं थांबलं त्या सकाळी पोरीला आणली असती, तर जगली असती का?"

आवाज घोगरा होता, पण स्वच्छ होता. डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन थांबलं. नर्सला पुढच्या पलंगाकडे पाठवून त्या स्टुलावर बसल्या.

"खात्री कुणीच देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटं नाही सांगत तुम्हाला. त्या दिवशी आणली असती तर बहुतेक जगली असती. आणि दुखणं थांबलं की बरं झालं असं समजणारी माणसं मी दर महिन्याला बघते, अव्वा. शिकलेलीसुद्धा."

निंगव्वा मान हलवायला गेली तर टाके ओढले. तिनं डोळे मिटून घेतले.

दुपारी चन्नवीर रव्याची पातळ कांजी घेऊन आला. "काय म्हणाल्या?"

"आवाज ठीक आहे म्हणाल्या." मग तिनंच पुढे सांगितलं, "तुम्ही गाडीला चला म्हणत होतात, तेव्हा नेली असती तर जगली असती. मी विचारलं आज."

चन्नवीरनं कांजी ढवळली.

"ठाऊक आहे मला. पोर गेली त्याच दिवशी, खाली जिन्यात डॉक्टरबाईंना विचारलं होतं मी."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलून काय करणार होतो? तू तरी कुठं मुद्दाम केलंस?"

तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी ओठांभोवती मुंग्या चालायला लागल्या, मग बोटांच्या टोकांना. हात आपला नाहीच, असं वाटायला लागलं. चन्नवीर घाबरून नर्सला बोलवायला धावला. नर्सनं येऊन बोटं पाहिली. "काही नाही अव्वा, रक्तातलं कॅल्शियम उतरलंय, या ऑपरेशननंतर होतं असं," म्हणत तिनं शिरेतून औषध हळूहळू सोडायला घेतलं.

औषध जाईस्तोवर तिचा हात हलू नये म्हणून चन्नवीरनं तो मनगटाशी धरून ठेवला. सव्वा वर्षात त्यानं तिला हात लावला नव्हता, तिनंही नाही. बोटांना त्याची पकड कळत नव्हती, पण मनगटाला कळत होती. निंगव्वा तिकडेच बघत राहिली.

"कांजी गार होतेय," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"होऊ दे," तो म्हणाला.