वरून ओतलेलं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कोल्हापूरजवळच्या एका गावातलं कुस्तीचं मैदान डोळ्यांसमोर आणा. हलगी घुमल्याशिवाय तिथं कुस्तीला रंग चढत नाही. ती हलगी दगडू अवघडे वाजवत होते. त्यांचे हात दुखायला लागले की त्यांची दहा वर्षांची तनुजा वाजवायची.

दुपारी दगडूंनी पाणी मागितलं. जत्रा कमिटीचे बाळासो पाटील सगळ्यांच्या हातात पेले देत होते. दगडूंना मात्र त्यांनी ओंजळ पुढं करायला लावली आणि वरून पाणी ओतलं.

"मांगाच्या हातात पेला दिला, तर आमी कशात प्यायचं?"

लोक हसले. दगडू मान खाली घालून प्यायले. तनुजा हसणाऱ्यांची तोंडं एकेक करून बघत राहिली.

शेवटची कुस्ती बाळासोंच्या पोरानं, राजवीरनं मारली. आता हलगीच्या तालावर त्याची मिरवणूक काढायची होती. बापाचे हात दुखत होते म्हणून हलगी तनुजाकडं होती. तेवढ्यात तिनं ती थांबवली.

"वाजीव की गं, पोरी!"

"तहान लागलीया, पाटील. ओंजळीत नगं, पेल्यातच द्या."

अख्खं मैदान बघत होतं. राजवीर लोकांच्या खांद्यावर ताटकळला होता. बाळासोंनी दातओठ खात स्वतःच्या हातानं पेला भरून दिला.

"पी, आन् वाजीव!"

हलगीचं कातडं जाळावर शेकून ताठ करतात. ते भिजलं की सैल पडतं आणि हलगी मुकी होते. हे तनुजाला बापानंच शिकवलं होतं.

तिनं बाळासोंच्या डोळ्यांत बघत पेला उंच धरला आणि सगळं पाणी वरून, सावकाश, हलगीवर ओतलं.